वर्षाच्या मध्येच वर्ग दुसऱ्या खोलीत हलवायचा म्हणजे

तुमचं सगळं वाचलं मॅडम. दुसरीचा वर्ग, पट ३१, खोलीच्या मागच्या भिंतीला तडा, शाखा अभियंता येऊन बघून गेले आणि या खोलीत मुलं बसवू नका असा शेरा मारून गेले, आता व्हरांड्याच्या टोकाची, पोषण आहाराचा तांदूळ ठेवायची खोली रिकामी करून तुम्हाला मिळणार आणि हातात आहे एक आठवडा. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, सामान कुठल्या क्रमाने हलवू, अभ्यास किती बुडेल, आणि दोन वर्षं राबून केलेल्या भिंतींचं काय करू. मी २३ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढलीत, त्यात तीनदा वर्षाच्या मध्ये वर्ग उचललाय. एकदा कौलारू खोलीचा वासा मोडला म्हणून, एकदा २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर, आणि एकदा फक्त ऑफिसला मोठी खोली पाहिजे होती म्हणून. तिन्ही वेळेला वेगवेगळ्या चुका केल्या, त्यामुळे बोलायचा थोडा अधिकार आहे असं धरून चला.

पहिलं म्हणजे, सामान शनिवारी दुपारी तीन तासांत हलतं, पण दुसरीतलं पोरगं हलायला पंधरा दिवस लागतात. आपण सगळा जोर त्या तीन तासांवर लावतो, पोती बांधा, कपाट उचला, आणि त्या पंधरा दिवसांचा विचारच केलेला नसतो, मग डिसेंबर अर्धा सरला तरी वर्ग लागत नाही आणि आपण स्टाफरूममध्ये म्हणतो की दिवाळीच्या सुट्टीत मुलं बिघडून आलीत. बिघडलेली नसतात हो, त्यांना अजून त्यांची जागा सापडलेली नसते.

कागदाचं पटकन सांगते. मुख्याध्यापकांकडून खोली बदलाचा लेखी आदेश घ्या, तोंडी नको. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय घेऊन ठराव करून ठेवा, आणि अभियंत्यांचा शेरा जोडून केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र जाऊ दे, कारण उद्या निर्लेखनाचा, म्हणजे ती खोली वापरातून काढून टाकायचा प्रस्ताव करायचा झाला की हीच फाईल कामाला येते. युडायस प्लसला, म्हणजे शाळेची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलला, वर्गखोल्यांची स्थिती भरताना ती खोली चांगली म्हणून परत जाऊ नये एवढं बघा, मागच्या वर्षीची माहिती तशीच पुढे ढकलायची सवय असते सगळ्यांना. आणि कुणी सुचवलं की कशाला एवढी उठाठेव, पहिली-दुसरी एकत्र बसवा, तर शांतपणे सांगायचं की आरटीई २००९ च्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली लिहिलेली आहे. भांडू नका, फक्त सांगा.

आता खोली. सामानाला हात लावायच्या आधी रिकाम्या खोलीत जाऊन बसा, आणि खुर्ची टाकून नाही, जमिनीवर मांडी घालून, मुलाची नजर जिथे येते तिथे. चारही कोपऱ्यांत बसा. सकाळी अकराला एकदा, मधल्या सुट्टीनंतर एकदा, साडेतीनला एकदा. फळ्यावर खडूने चार ओळी लिहून ठेवा आणि प्रत्येक कोपऱ्यातून वाचून बघा. हे सांगतेय कारण दुसऱ्या वेळेला मी हे केलं नव्हतं. त्या खोलीत फळा दाराच्या बरोबर समोर होता, बाराच्या पुढे दारातून जो उजेड यायचा त्याने फळ्याचा डावा तिसरा भाग नुसता चकाकायचा, मी उभी राहून बघायचे तेव्हा मला सगळं स्वच्छ दिसायचं. दोन आठवड्यांनी वह्या तपासताना लक्षात आलं की सात वह्यांत घ चा ध झालाय आणि भ चा म झालाय, आणि त्या सातही वह्या एकाच बाजूच्या. त्यातल्या एकीला तर मी दोनदा बोलले पण होते की लक्ष कुठे असतं तुझं. शेवटी फळा शेजारच्या भिंतीवर घेतला आणि आठवड्यात ध चा परत घ झाला. म्हणून फळ्याची जागा आधी ठरवा, बाकी सगळं त्याच्या मागून. उजेड मुलांच्या डाव्या हाताकडून आला तर उत्तम, म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याची सावली वहीवर पडत नाही. भिंतीवरचा फळा गैरसोयीचा असेल तर सरळ विसरा त्याला, लपेट फळा किंवा स्टँडचा फळा लावून पंधरा दिवस काढा आणि मग कायमचं ठरवा. फळ्याची खालची कड दुसरीच्या मुलाचा हात पोचेल इतकी खाली पाहिजे हे तुम्हाला माहीतच आहे, पण तांदळाच्या खोलीतला जुना फळा असेल तर तो सातवीच्या उंचीचा असणार, मोजून बघा.

तांदळाची खोली म्हणालात म्हणून मुद्दाम लिहिते. तिथे पोरकिडे असणार, उंदीर असणार, आणि कोपऱ्यातल्या अडगळीमागे विंचू असूच शकतो, तेव्हा पहिली झाडलोट मुलांकडून अजिबात करून घ्यायची नाही. पोषण आहाराचा साठा कुठे जाणार हे आधी लेखी ठरू दे, नाहीतर "तात्पुरती चार पोती तुमच्याकडे राहू दे मॅडम" असं होतं आणि ती चार पोती एप्रिलपर्यंत तुमच्या वाचन कोपऱ्यात बसतात. खोली रिकामी झाली की दोन दिवस दारं-खिडक्या उघड्या टाका. कीटकनाशकाची फवारणी वगैरे सुचवतील लोक, पण जिथे सोमवारी मुलं जमिनीवर बसणार तिथे मी तरी नाही करणार. त्यापेक्षा चुना द्या. चुन्यात थोडी नीळ आणि डिंकाचं पाणी घातलं की भिंत हाताला लागत नाही आणि पांढरी दिसते. दोन हात द्यावे लागतात आणि मध्ये वाळायला वेळ जातो, म्हणजे चुना बुधवारपर्यंत संपला पाहिजे, शुक्रवारी दिलात तर सोमवारी पोरांच्या पाठी पांढऱ्या. भिंतींच्या फटी, खिळ्यांची भोकं, तुटलेला स्विच, हे पण त्याच वेळेला. पंखा आणि ट्यूब आहे का, आणि घंटा ऐकू येते का हेही बघून ठेवा. हसू नका, टोकाच्या खोलीत घंटा ऐकू येत नाही, माझा वर्ग एकदा लघवीच्या सुट्टीची वाट बघत तसाच बसून राहिला होता, दोघांची पंचाईत झाली.

आता सामान, तुमचा पहिला प्रश्न. माझं स्पष्ट मत आहे की निम्मं नेऊच नका. आपल्या वर्गातल्या कपाटात काय असतं बघा ना, मागच्या पाच वर्षांच्या चाचणीचे पेपर, उरलेले राष्ट्रध्वजाचे कागदी तोरण, आधीच्या बाईंनी ठेवलेले थर्माकोलचे प्रयोग, एक बाजू गेलेला तराजू. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत जे नोंदलेलं आहे ते टाकता येत नाही, ते मुख्याध्यापकांकडे सही घेऊन जमा करा, पण जे नोंदवहीत नाही आणि जूनपासून एकदाही हातात घेतलेलं नाही ते त्या खोलीत जाता कामा नये, विशेषतः खोली आधीपेक्षा लहान असताना. मुलं बस्करपट्टीवर बसत असतील तर एका मुलाला वही-दप्तरासकट अडीच फूट बाय अडीच फूट धरा, म्हणजे ३१ मुलांना जवळजवळ दोनशे चौरस फूट नुसते बसायलाच गेले, वर तुम्हाला फिरायला जागा पाहिजे. तेवढी वजाबाकी केली की आपोआप कळतं कपाटं किती मावणार. मला वाटतं एकच.

क्रमाचं सांगायचं तर उलटा विचार करा. सोमवारी पहिल्या तासाला हाताला काय लागणार आहे? हजेरी, खडू-डस्टर, चालू असलेली भाषेची आणि गणिताची पुस्तकं, मुलांच्या ज्या वह्या तुमच्याकडे असतात त्या, मण्यांच्या माळा, दशकाचे दांडे-सुट्टे. हे सगळ्यात शेवटी भरायचं आणि सगळ्यात आधी उघडायचं, आणि एकाच पेटीत. हजेरीपत्रक, मूल्यमापनाच्या नोंदी आणि चाव्या तर पेटीतही नाही, तुमच्या खांद्याच्या पिशवीत. पहिल्या वेळेला माझं हजेरीपत्रक कुठल्या तरी ट्रंकेच्या तळाला गेलं आणि बरोबर त्याच सोमवारी विस्तार अधिकारी आले, पुढचं सांगत नाही.

बाकीचं भरताना एक चूक करू नका. रिकाम्या पोत्यांत भराभर कोंबलं जातं (आणि हो, तांदळाच्या रिकाम्या बारदानांचा हिशोब ठेवावा लागतो, न विचारता घेऊ नका). मी एकदा अक्षरकार्ड, शब्दकार्ड आणि अंककार्ड असे तिन्ही संच एकाच पोत्यात टाकले, म्हटलं तिकडे गेल्यावर बघू. तिकडे गेल्यावर बघायला जानेवारी उजाडला, आणि 'क' ची बाराखडी शेवटपर्यंत अपुरीच राहिली, 'कौ' कुठे गेला देव जाणे. प्रत्येक संच वेगळ्या पिशवीत, तोंड सुतळीने बांधून, आणि चिठ्ठी आत एक नि बाहेर एक. चिठ्ठीवर "शै. साहित्य" असं लिहून काही उपयोग नाही, सगळंच शैक्षणिक साहित्य असतं. "खिडकीखाली, खालचा कप्पा" असं लिहा, म्हणजे उचलणारा माणूस थेट तिथेच नेऊन ठेवतो आणि तुम्हाला दारात उभं राहून ट्रॅफिक पोलिसासारखे हातवारे करावे लागत नाहीत. आणि सुरुवात करायच्या आधी मोबाईलवर जुन्या खोलीचे फोटो काढून ठेवा, प्रत्येक भिंतीचा, उघड्या कपाटाचा, टीव्ही असेल तर मागच्या वायरी कुठली कुठे लागलीय त्याचा पण.

शनिवार सकाळची शाळा असते तेव्हा शनिवारी मुलं गेल्यावर हलवा, म्हणजे रविवार हाताशी राहतो. उचलायला पालक, तरुण मंडळाची पोरं, ग्रामपंचायतीचा शिपाई, कुणीही चालेल, मुलं मात्र नको. आपल्या वेळी आपण बाकं उचलली म्हणून आताही चालतं असं नाही, पायावर बाक पडलं तर जबाबदार आपणच, आणि कुणी फोटो काढून टाकला तर पुढचे आठ दिवस खुलासे लिहिण्यात जातात. मुलांनी फक्त स्वतःचं न्यावं. दप्तर, पट्टी, आणि सोमवारी एक गोष्ट, ती पुढे सांगते.

लोखंडी कपाटाचं दरवर्षी कुठेतरी कुणाचं तरी बोट चिरडतं म्हणून दोन ओळी. साधारण साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फुटाच्या थोडं वर खोल असतं ते. दार तीन फुटी असलं तरी चौकट आणि झडप धरून पूर्ण तीन फूट मिळत नाही, त्यामुळे समोरून ढकललं की अडकतंच. पूर्ण रिकामं करायचं, फळ्या काढून घ्यायच्या, दार कुलूप लावून वरून दोरीने पण बांधायचं, मग आडवं करून बाजूवर धरायचं आणि अरुंद बाजूने आत न्यायचं. उचलायला चार माणसं. फरशीवरून सरकवायचं तर खाली ओलं पोतं टाकलं की आवाज न करता सरकतं. ठेवताना भिंतीला टेकवून नका ठेवू, चार बोटं जागा सोडा, वाळवी लागली तर दिसते तरी. पुरानंतर एक सवय लागली मला, कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात कागद ठेवायचाच नाही, तिथे चेंडू, दोरी, मण्यांचे डबे, जे धुऊन घेता येईल ते.

महापुरुषांच्या तसबिरी पोत्यात घालून नेऊ नका. एकेक हातात धरून न्या आणि सगळ्यात आधी लावून टाका. संविधानाची उद्देशिका आणि प्रतिज्ञेची फ्रेम पण. गावात यावरून किती पटकन बोलाचाली होते ते तुम्हाला नवीन नाही.

आता सोमवार. मी काय करते सांगते. पहिल्या दिवशी नवीन खोलीत बसण्याची रचना जुन्यासारखीच ठेवायची. अगदी तीच रांग, तोच शेजारी, तुमची खुर्ची त्याच बाजूला, पाण्याचा माठ दारापासून त्याच अंगाला, चपला त्याच पद्धतीने. नवीन खोली मिळाली की आपल्याला लगेच नवीन रचना करायचा उत्साह येतो, गोलात बसवू, गट करू, तो उत्साह डिसेंबरपर्यंत खिशात ठेवा. फक्त ज्यांना फळा दिसत नाही त्यांना पुढे घ्या. मुलांना शनिवारीच वर्ग सुटायच्या आधी रांगेने नेऊन रिकामी खोली दाखवून आणा, आणि पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाका, पण त्यावर विसंबू नका, डबा घेऊन येणारी आजी ग्रुपवर नसते, ती सरळ जुन्या दाराशी जाऊन उभी राहते.

आणि एखादं मूल तसंच करणार. माझ्या वर्गात एक होता, पुढचे सहा-सात दिवस परिपाठ झाला की सगळ्यांच्या मागून चालत यायचा आणि कुलूप लावलेल्या जुन्या दारापाशी जाऊन थांबायचा. बोलायचा काही नाही. मी आधी ओरडून बोलवायचे, मग एक दिवस जवळ जाऊन विचारलं तर म्हणाला, माझी गाय आत राहिली. मला कळेना. मग कुलूप काढून बघितलं, तर त्याच्या जागेशेजारी भिंतीचा गिलावा पडून एक डाग झाला होता, आणि खरंच शिंगासकट गाईसारखा दिसायचा तो. रोज त्या डागाला टेकून बसायचा तो पोरगा. त्याला कागद देऊन ती गाय काढायला लावली आणि नवीन जागी चिकटवली, दुसऱ्या दिवसापासून दाराशी थांबणं बंद. तेव्हापासून मी हलवायच्या आधीच सगळ्यांना विचारते की या खोलीतलं काय न्यायचंय तुला, आणि प्रत्येकाला एक वस्तू स्वतःच्या हाताने सोमवारी न्यायला देते, डस्टर, घंटा वाजवायची काठी, मण्यांची माळ, काहीही हलकं. मघाशी म्हटलं ती गोष्ट हीच.

अभ्यास बुडण्याचं म्हणाल तर दुसरीत बुडू द्यायची गरजच नाही, कारण मापन तुमच्या गणितात आहेच. शुक्रवारी जुनी खोली पावलांनी मोजायची, सोमवारी नवीन. कपाट किती वीत, फळा किती हात, माझी पावलं चोवीस आणि याची एकवीस का आली, यावर दोन तास कसे जातात कळत नाही. भाषेत नवीन खोलीत काय आहे-काय नाही याची पाच वाक्यं. फक्त नवीन घटक त्या आठवड्यात सुरू करू नका, उजळणी ठेवा, आणि हलवायची तारीख संकलित चाचणीच्या आगेमागे येत असेल तर आठवडाभर व्हरांड्यात वर्ग भरवा पण चाचणीच्या दोन दिवस आधी खोली बदलू नका. शेजारी चौथी असेल तर त्यांच्या सरांशी बोलून घ्या, त्यांचे मोठ्याने पाढे आणि तुमचं प्रकट वाचन एकाच तासाला आलं तर दोघांचंही वाटोळं.

भिंतींचं दुःख कळतं मला. २२ जून २०१५ चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा शासन निर्णय आला, सगळे साताऱ्याकडे कुमठे बीट, म्हणजे तिथल्या रंगवलेल्या फरश्या-भिंतींच्या शाळा बघून आले, आणि आम्ही पण पदरचे पैसे घालून फरशीवर ऑइलपेंटने गोल, चौकोन, संख्यारेषा, बाराखडीचा चक्रव्यूह असलं सगळं रंगवलं. तीन वर्षांनी ती खोली सोडावी लागली, फरशी काही उचलून नेता येत नाही. रडू आलं होतं खरंच. पण नवीन खोलीत रंगाचा डबा लगेच उघडू नका. पंधरा दिवस सगळं खडूने काढा. मुलं कुठे घोळका करून बसतात, कुठून ये-जा होते, कुठली फरशी ओली असते, हे कळलं की मगच रंगवा. मी खडूने काढलेल्यातलं निम्मं परत काढलंच नाही, कारण लक्षात आलं की त्याचा उपयोग मुलांपेक्षा भेटीला येणाऱ्या साहेबांनाच जास्त होता. तक्ते भिंतीला चिकटवू नका, नवीन चुन्यावर चिकटपट्टी टिकत नाही आणि टिकली तर पापुद्र्यासकट येते. दोन खिळ्यांत सुतळी ताणा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. चिमटे असले की तक्ता मुलंच बदलतात. एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात करून घ्या, भिंतीच्या खालच्या अंगाला काळा पट्टा, म्हणजे तळफळा. जुन्या खोलीत होता आणि इथे नाही असं झालं तर मुलं लिहायचं कुठे थांबत नाहीत, ती तुमच्या नवीन चुन्यावर लिहितात.

वर्गात विशेष गरजा असणारं मूल असेल तर उंबरा बघा. उताराचं प्रमाण १:१२ लागतं, म्हणजे सहा इंचाच्या उंबऱ्याला सहा फूट लांब उतार, व्हरांडा तेवढा रुंद आहे का ते आधी मोजा. नसेल तर खोलीची अदलाबदल करायची मागणी आत्ताच करा, नंतर कुणी ऐकत नाही.

जुनी खोली रिकामी झाली की कुलूप तुमच्यासमोर लावून घ्या, चावी मुख्याध्यापकांकडे, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात धोकादायक म्हणून लिहून घ्या. तडा मागच्या भिंतीला आहे म्हणालात, मग मागून पण दोरी बांधायला सांगा, चेंडू तिकडेच जातो नेहमी. आणि ती खोली मतदान केंद्र असेल (बाहेर भिंतीवर केंद्राचा नंबर रंगवलेला असतो बघा) तर बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या कानावर घाला, नाहीतर निवडणुकीच्या आदल्या दिवशी लोक पेट्या घेऊन त्याच दाराशी येतात.

नवीन खोलीचं दार कुठल्या दिशेला आहे आणि खिडक्या किती, कुठल्या बाजूला, तेवढं कळवा. जमलं तर दुपारी बाराचा आणि साडेतीनचा आतला फोटो पण टाका, मग फळा कुठे घ्यायचा ते बघू.